माझी घडी घालू नका

मी एक जुना शिशाचा एप्रन आहे. ज्या श्रावणात उदगीरच्या रेवणप्पांनी आपल्या पहिल्या लेकीला पाळण्यात घातलं आणि तिचं नाव मंजुश्री ठेवलं, त्याच श्रावणात मी उदगीरला आलो. साल एकोणीसशे पंच्याण्णव. बारशाच्या दुसऱ्या दिवशी रेवणप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन कामावर आले. टेबलावर माझं खोकं आलेलं होतं. त्यांनी पुडा बाजूला ठेवला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाले, "आयला, हे तर आमच्या पोरीपेक्षा जड हाय!"

म्हणून मी आणि मंजुश्री एका वयाचे. माझी ही कहाणी अर्धी तिचीच आहे.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. एक्स-रेच्या खोलीत भिंतीला एक निळा, जाड, बिनबाह्यांचा अंगरखा टांगलेला असतो, तो मी. शिशाची भुकटी रबरात कालवतात, तिची पोळीसारखी चादर लाटतात आणि वरून कापड शिवतात. शिसं हा हट्टी धातू. एक्स-रेचे किरण माणसाच्या कातड्यातून आणि मांसातून सहज जातात. शिशापाशी आले की बहुतेक तिथेच थांबतात. 'बहुतेक' म्हणालो, कारण मला खोटं बोलायचं नाही. मशीन ज्याच्यावर रोखलेलं असतं त्याच्या अंगावरून काही किरण इकडेतिकडे उधळतात. जवळ उभ्या असलेल्या माणसाला ते लागू नयेत म्हणून मध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम.

मी घाबरट नाही. सगळं आयुष्य मी किरणांकडे तोंड करून काढलं आहे. तुम्हाला घाबरवायलाही मी बोलत नाही. पण 'ही कशाला उगाच अडगळ' असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि ते मी म्हातारा झालो म्हणून सोडणार नाही.

डॉक्टर उमाशंकर यांचा दवाखाना बसस्थानकामागच्या गल्लीत होता आणि एक्स-रेची खोली रेवणप्पांच्या ताब्यात होती. पहिल्याच आठवड्यात ते मला अंगावर घालून दारात आले, तेव्हा बाकावर बसलेला एक शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, आज पोळा हाय का? झूल घालून कुटं निगालाव?"

सगळा बाक हसला. रेवणप्पाही हसले. "हाव, पोळाच हाय. तुमी शिंगं रंगवून या, मग फोटो काढतो."

त्या दिवसापासून माझं नाव 'झूल' पडलं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. एप्रन हा शब्द कागदावर राहिला. मला ते नाव आवडलं. झूल दिवसभर काम केलेल्या जिवाच्या अंगावर घालतात.

आमच्याकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे. फोटोच म्हणत. त्यामुळे गमती होत. बायका केस विंचरून, पावडर लावून येत. मांडीचं हाड मोडलेल्या एका आजोबांनी झोपल्या झोपल्या विचारलं, "हासू का?" रेवणप्पा म्हणाले, "हासा की. हाडं काय हासत न्हाईत, पन मला बरं वाटंल."

पण या शब्दानं नुकसानही केलं. फोटो म्हटलं की तो किती का काढेना! बिघडला तर दुसरा काढा. कुणी म्हणे, "साहेब, गुडघा दुखतोय, चांगले चार बाजूनं फोटो काढा, म्हंजे आराम पडंल." फोटो म्हणजेच इलाज असं त्यांना वाटे. रेवणप्पा एकच फोटो नीट काढत. दुसरा काढायची वेळ आली की त्यांचं तोंड उतरे. "दुसरा फोटो म्हंजे किरनांचा फुकटचा मार," असं ते म्हणत.

उदगीरला वीरशैव मंडळी पुष्कळ. त्यांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते आणि ती देहावेगळी करायची नसते. छातीचा फोटो काढला की डबी बरोबर फुप्फुसावर पांढरी गोल उमटे आणि फोटो वाया जाई. डबी काढून ठेवा म्हटलं की म्हाताऱ्या उठून चालू लागत. रेवणप्पा स्वतःच लिंगधारी. ते दोरा हलक्या हातानं वर घेत आणि डबी कपाळावर बांधायला सांगत. "देवाला वर बसवा माय. त्याला सगळं दिसतंय, त्याचा फोटो कशाला?" कपाळाला चांदीची डबी बांधून श्वास रोखून उभ्या राहिलेल्या किती आया मी पाहिल्या. एका फोटोत काम होई. मार वाचे.

आता माझ्या दुःखाची गोष्ट.

लहान लेकरू एकटं स्थिर राहत नाही. त्याला धरावं लागतं. आईनं डोकं धरायचं, रेवणप्पांनी पाय धरायचे. धरणारे दोन आणि झूल एक. रेवणप्पा मला स्वतःच्या अंगावरून काढत आणि आईच्या गळ्यात घालत. आई विचारी, "आन तुमाला वो?" ते म्हणत, "मला काय होतंय माय, मिनटाचं काम." मग ते साध्या सदऱ्यावर उभे राहत. हे काही एक-दोनदा झालं नाही. त्यांचं उभं आयुष्य असंच गेलं. मी परक्याच्या अंगावरून त्यांच्याकडे बघत राही. मला पाय असते तर चालत गेलो असतो.

डॉक्टर उमाशंकर वाईट माणूस नव्हते. ते वाचणारे होते. चहा पिताना ते सांगत की ही किरणं सगळीकडे आहेत. आकाशातून येतात, दगडातून येतात, आपल्या हाडांतही थोडी असतात. मोठा मार बसला तर माणूस आजारी पडतो, याबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते थोड्याचं. झाडलोट करणाऱ्या तुळजाबाईंनी एकदा त्यांना विचारलं, "साहेब, थोड्यानं होतंय का न्हाई, एकदा काय ते सांगा."

डॉक्टर म्हणाले, "भाजीत मूठभर मीठ पडलं तर भाजी वाया जाती, खरं का न्हाई? मग चिमूटभर पडलं तर? एक शहाना म्हनतो, चिमटीनं चिमटीएवढी तरी बिघडनारच. दुसरा म्हनतो, एवढ्यानं जिभेला कळतबी न्हाई, अंग आपलं आपन सावरून घेतंय. आन तिसरा एक हाय, तो म्हनतो चिमूटभर पायजेच, त्याबिगर भाजीला चव न्हाई."

"तिगांत खरा कोन?"

"ते अजून भांडून राहिलेत," डॉक्टर हसून म्हणाले.

तुळजाबाईंनी ते ऐकलं आणि मला घडी घालायला घेतलं. मित्रांनो, या बाईइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही. रोज संध्याकाळी ती मला ओल्या फडक्यानं पुसायची, आडवं घालायची, लुगड्यासारखी चापूनचोपून घडी घालायची, वरून हात फिरवायची आणि कपाटात ठेवायची. आमच्या भागात जपायची वस्तू अशीच ठेवतात. लग्नातला शालू असो की देवाचं सोवळं, घडी घालून ट्रंकेत. भिंतीला खुंटी होती, पण खुंटीवर तिची छत्री असे. "झूल काय खुंटीला लोंबत ठेवायची चीज हाय व्हय?" असं ती म्हणे. डॉक्टरांना ती घडी नेटकी वाटे. रेवणप्पांनाही वाटे. मलाही मानच वाटत होता.

वर्षं गेली. फिल्म बुडवायच्या टाक्या गेल्या आणि संगणक आला. रेवणप्पा थकून घरी बसले. मंजुश्री नांदेडला हेच काम शिकून आली आणि बापाच्या जागी उभी राहिली. पहिल्या दिवशी तिनं मला अंगात घातलं आणि आरशात बघून म्हणाली, "आप्पाच दिसायलेत." पुढे तिचं लग्न गावातच झालं. नवरा संगमेश, त्याचं भांड्यांचं दुकान. सासू उमादेवी. तिची जीभ आख्ख्या गल्लीला माहीत होती.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम कळल्या. मंजुश्रीला दिवस गेले, आणि रेवणप्पांच्या रक्तात आजार निघाला. तपासणी लातूरला झाली. रक्ताचा कर्करोग.

गावाला निकाल द्यायला वेळ लागला नाही. अर्धं गाव म्हणालं, किरणांनीच खाल्लं. अर्धं म्हणालं, आप्पांची तंबाखू काय कमी होती का, आणि वय काय कमी झालं का? भेटायला येणारे खाटेजवळ बसून त्यांनाच विचारत, "मशीननंच झालं न्हवं?"

रेवणप्पा उशीवरून मान वळवून म्हणत, "मला ठावं न्हाई. लातूरच्या मोठ्या डॉक्टरला ठावं न्हाई. मग तुमाला कुनी सांगितलं रं?"

हे मंजुश्रीनं खोलीत तुळजाबाईंना सांगितलं तेव्हा मी ऐकलं. मला आप्पांचा अभिमान वाटला. मरणाच्या खाटेवरही ते कुणाच्या बाजूनं खोटं बोलले नाहीत.

मग तो दिवस आला. उमादेवी सुनेसाठी डबा घेऊन दवाखान्यात आल्या. आत एका लेकराचा कोपर मोडलेला होता आणि ते आकांत करत होतं. मंजुश्रीनं मला उचललं, त्याच्या आईच्या गळ्यात घातलं, आणि स्वतः नुसत्या ओढणीवर लेकराचा खांदा धरायला वाकली. अगदी बापासारखी. उमादेवी दारातून ओरडल्या, "थांब! आन तुला गं?"

"मला काय होतंय अव्वा, मिनटाचं काम."

"तुझा बाप बी ह्येच म्हनायचा. आज बघ, खाटंला खिळलाय!"

मंजुश्रीचे हात थांबले. लेकराचा बाप बाहेर होता, त्याला आत बोलावलं. मी बापाच्या अंगावर गेलो, आई बाहेर थांबली, लेकराला त्यानं धरलं, आणि मंजुश्री किरण अडवणाऱ्या जाड भिंतीआड गेली. फोटो निघाला. माणसं गेल्यावर मात्र खोलीत रणच पेटलं.

"चल घरी," उमादेवी म्हणाल्या. "आजपासून ही नोकरी बंद. माझं नातवंड हाय पोटात, काय खेळ न्हाई."

डॉक्टर आवाज ऐकून आले. "आई, घाबरू नका. ही लई थोडी किरणं आसतात. नियमानं काम केलं तर गरोदर बाईलाबी काम करता येतंय. चिमूटभर मीठ…"

"साहेब," उमादेवींनी त्यांना मध्येच तोडलं, "मीठ किती घालायचं ते खानारानं सांगावं. पोटातलं लेकरू सांगंल का तुमाला?"

मंजुश्री पुढे झाली. "अव्वा, मी नोकरी सोडनार न्हाई. नांदेडला राहून, मेसचं खाऊन शिकलेय मी. भिंतीआड उभी राहीन, लेकरं धरनार न्हाई, पन सोडनार न्हाई."

"आन धरायची येळ आलीच तर?"

"तर झूल हाय की."

उमादेवी माझ्याकडे वळल्या. दोन बोटांत माझी कड धरून त्यांनी मला भांडं घासून बघतात तसं उलटंपालटं केलं. "ही? तुझ्या बारशाच्या सालची? आमच्या दुकानातलं पातेलं एवढं जुनं झालं तर कल्हई हाय का न्हाई बघतेत. हिच्या आतलं धड हाय का, कुनी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. वर्षाला एकदा बघायचं असतं, हे मंजुश्रीला शिकवलेलं होतं. इथल्या रोजच्या धबडग्यात राहून गेलं होतं. मग तिनं मला टेबलावर पसरलं आणि म्हणाली, "झुलीचाच फोटो काढू."

एवढी वर्षं मी दुसऱ्यांचे फोटो निघताना पाहिले. आज मशीनचा डोळा माझ्यावर होता. सगळे भिंतीआड गेले. मीच एकटा समोर.

पडद्यावर मी पांढराशुभ्र उमटलो. चांगलं शिसं असं दिसतं. पण त्या पांढऱ्यावर काळ्या रेघा होत्या. एक छातीखाली आडवी. आणि एक पोटावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जमीन भेगाळावी तशी. ज्या जागी आईच्या पोटात लेकरू असतं, नेमकी तिथे.

तुळजाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. ती त्यांची घडी होती. रोज हात फिरवून बसवलेली. शिसं लुगडं नव्हे. ते पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकलं की आतून तडकतं आणि वरचं कापड चांगलंच दिसत राहतं.

"माय गं," तुळजाबाई खाली बसल्या. "मीच मोडली व्हय हिला? सांभाळून सांभाळून मोडली?"

"तुमी एकट्यानं न्हाई," मंजुश्री म्हणाली. "आमाला सगळ्यांनाच ती घडी आवडायची."

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "नवीन मागवतो. पुढच्या महिन्यात. तवर चालवून घेऊ. भेगा बारीक हायेत, फार फरक पडत न्हाई बहुतेक."

"बहुतेक?" मंजुश्रीनं विचारलं.

"मला खात्री न्हाई पोरी. खोटं कशाला बोलू? कुनालाच न्हाई."

"खात्री न्हाई म्हनूनच म्हनते साहेब. दोन नव्या झुली येस्तोवर कुनाला धरून काढायचा फोटो मी काढनार न्हाई. ना मी उघड्यानं धरनार, ना दुसऱ्या कुनाला धरू देनार. नोकरी तुमी काढून घ्या, मी सोडनार न्हाई."

ती बाहेर आली आणि खोलीच्या दाराशी बाकावर बसली. डॉक्टर चिडले. लेकरांना घेऊन आलेली माणसं खोळंबली. आणि मग एक गंमत झाली. सुनेला घरी न्यायला आलेल्या उमादेवी तिच्याशेजारी बसल्या. डबा उघडला. "खा आधी. भांडायला बी अंगात बळ लागतंय." आणि जो येईल त्याला त्याच सांगू लागल्या, "लेकरांचे फोटो बंद हायेत. झूल फाटलीय. साहेबाला सांगा."

त्या गर्दीत देगलूरकडची लक्ष्मम्मा आली होती. फार दिवस खोकत होती, अंग वाळलं होतं. बाकावरचं सगळं ऐकून ती उठली. "नको माय, मला बी नको. किरनं लागत्यात." ती खरंच निघाली. तेव्हा मंजुश्री धावली आणि तिनं तिचा हात धरला.

"अम्मा, तुमाला कुनी धरायचं न्हाई. तुमी एकट्या उभ्या राहनार, मी भिंतीआड. एक फोटो. त्यानं होनारा तोटा आसंल नसंल, पन हा खोकला तुमाला खाऊन राहिलाय, हे मला उघड्या डोळ्यांनी दिसतंय."

लक्ष्मम्माचा फोटो निघाला. क्षयाचे डाग होते. औषध चालू झालं, आणि दिवाळीनंतर ती अंगानं भरून, चकल्यांचा डबा घेऊन परत आली.

मित्रांनो, म्हणून सांगतो, भीतीही माझी मैत्रीण नाही. 'काहीच होत नाही' म्हणणारा मला अडगळ समजतो आणि 'सगळं विषच आहे' म्हणणारा लक्ष्मम्माला दारातून परत पाठवतो. माझं दोघांशीही वाकडं आहे.

तीन दिवसांत दोन नव्या झुली आल्या. डॉक्टरांनी स्वतः लातूरहून गाडीत घालून आणल्या. खोलीत भक्कम खुंट्या ठोकल्या, आणि तुळजाबाईंची छत्री दाराबाहेर गेली. मला फेकून देणार होते. तुळजाबाईंनी फेकू दिलं नाही. मी आता दाराशेजारी टांगलेला आहे आणि माझ्याशेजारी माझा भेगांचा फोटो लावला आहे. नवं माणूस कामाला आलं की तुळजाबाई त्याला आधी माझ्यापुढे उभं करतात. "ही बघ. हिला म्या लई जपली."

कार्तिकात मंजुश्रीला मुलगी झाली. साक्षी. चांगली ठणठणीत. रेवणप्पांना बसवलं आणि तिला त्यांच्या मांडीवर दिली. मंजुश्री सांगते, त्यांनी तिला दोन्ही हातांनी जरा उचललं आणि हसून म्हणाले, "ही झुलीपेक्षा हलकी हाय."

डॉक्टर म्हणाले, बघा, काही झालं नाही. गाव म्हणालं, आप्पांना झालं ते? मी ऐकतो आणि मनात म्हणतो, एक लेकरू ठणठणीत निपजलं म्हणून थोडी किरणं निर्दोष ठरत नाहीत, आणि एक माणूस गेला म्हणून ती खुनी ठरत नाहीत. ही गोष्ट एका घरात बघून कळणारी नाही. शहाणे भांडत आहेत, त्यांना भांडू द्या. त्यांचं मिटेल तेव्हा मिटेल. तोवर झुलीला अडगळीत टाकायचा अधिकार कुणालाही नाही. धरणारे दोन असतील तर झुली दोन हव्यात. मी विनंती करत नाही, बजावतो आहे. आणि जपायचं असेल तर वस्तूला विचारून जपा. मला टांगा. माझी घडी घालू नका.

रेवणप्पा दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षात, सोमवारी सकाळी, उदगीरला राहत्या घरी वारले. आजार रक्ताचा होता. कारण माहीत नाही.